बिस्किटी दिवाणखाना

स्मृतीचा नंबर देते की, त्यात काय एवढं. बसा ना, मुग्धा. सोफ्यावर निवांत मागे टेकून बसा, डाग पडला तर पडू दे. पहिले काही महिने मी या सोफ्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं. माझ्या लेकीला, मनूला, यावर बसून चिवडा खायचीसुद्धा बंदी होती. आता नाही. कॉफीत साखर स्वल्प घालू ना? बघा, नागपूरहून येऊन तुम्हाला चार दिवस झाले नाहीत आणि कानडी 'स्वल्प' म्हणजे थोडी, हे कळायला लागलं.

मघाशी दारातच तुम्ही विचारलंत, बरं नाही का म्हणून, आणि मी ते हसण्यावारी नेलं. या खोलीत सगळ्यांचेच चेहरे असे दिसतात हो. भिंतींना रंग नाही, पडद्यांना रंग नाही, तिथे माणसाच्या चेहऱ्याला कुठून येणार? नंबर नक्की देते. पण तुम्हाला तुमचा हॉल अगदी असाच करून घ्यायचाय, तर आधी या हॉलचं काय झालं ते ऐका. तो कोपऱ्यातला दिवा तेवढा लावा. बस्स, मोठा नको.

आमच्याकडे हे सगळं सुरू झालं ते पडद्यांच्या कापडावरून. एका शनिवारी मी आणि यशोवर्धन, म्हणजे माझा नवरा, जयनगरला कापड बघायला गेलो. बरोबर आमचं इंटिरियर करणारी स्मृती होतीच. तिने दुकानदाराला गठ्ठेच्या गठ्ठे उलगडायला लावले. एक रंग ओट, एक सँड, एक मशरूम, आणि एकाचं नाव चक्क बोन, म्हणजे हाड. यशोवर्धन पडला पुण्याचा, तो गप्प कसा बसेल? "हे मारी, हे ग्लुकोज, आणि हे चहात पडलेलं ग्लुकोज," तो म्हणाला. स्मृती हसली नाही. मला दारापाशी उजेडात नेऊन तिने कापड माझ्या हातावर पसरलं. "ताई, न्यूट्रल टोन्समध्ये डोळा कुठे अडकत नाही. नुसता विसावतो."

मला नेमकं तेच हवं होतं. त्याच वर्षी श्रावणात माझी आई गेली होती. भावंडांत ती थोरली, म्हणून सगळे तिला अक्का म्हणायचे आणि ऐकून ऐकून मीही तिला अक्काच म्हणायचे. तिचं जयनगरचं घर म्हणजे रंगांचा नुसता दंगा. खोबरेल लावून घासलेली लालभडक फरशी, पोपटी भिंती, निळ्या खिडक्या, आणि त्या सगळ्यात दारावर अबोलीचे केशरी गजरे. शाळेतल्या मैत्रिणी यायच्या त्या म्हणायच्या, तुझ्या घरात डोळे उघडे ठेवले की भूक लागते. ते घर विकलं. आता तिथे चार मजली राखाडी इमारत उभी आहे. त्यानंतर मला कुठेही लाल दिसलं की मी नजर वळवायचे. मला अशी खोली हवी होती की जिच्यात बसल्यावर कुणाचीच आठवण येऊ नये.

तशी खोली झाली. मान्य करते, झाली सुरेख. संध्याकाळी पडद्यांतून ऊन आलं की सगळा हॉल दुधावरच्या सायीसारखा दिसायचा. ऑफिसच्या मीटिंगला लॅपटॉप लावून बसले की पलीकडचे लोक कामाचं सोडून भिंतीबद्दल विचारायचे. राहिली होती फक्त ती समोरची लांब फळी. तिच्यावर काय ठेवायचं, हा प्रश्न होता.

तुम्ही म्हैसूरकडची दसऱ्याची पद्धत अजून पाहिली नसेल. घरोघरी पायऱ्या करून बाहुल्या मांडतात, त्यांना गोंबे म्हणतात. आमचे पूर्वज कधीकाळी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले ते इथलेच झाले. घरातलं मराठी त्यांनी सोडलं नाही आणि इथलं गोंबे मांडणं उचललं. लग्नात आई मुलीला एक लाकडी जोडी देते, राजा आणि राणी. सगळ्यांत वरच्या पायरीवर ती बसते. मला दिलेली जोडी अक्काला तिच्या आईने दिलेली होती. आम्ही तेव्हा भाड्याच्या घरात, म्हणून ती राहिली अक्काकडेच, आणि दर दसऱ्याला अक्काच ती मांडायची. ती गेल्यावर ट्रंकेसकट जोडी माझ्याकडे आली.

मांडायच्या आधी ती राणीला कुंकू लावायची. राणीचा सगळा रंग टिकून होता, पण कपाळावरचा दर वर्षी तेलाने पुसट व्हायचा. पाट ओढून अक्का समोर बसायची. तिच्या हातात एकच सोन्याची बांगडी असायची, ती करंड्याच्या झाकणावर टक्कन वाजायची. मग थेंबभर खोबरेलात कुंकू कालवून ती अनामिकेने लावायची. त्या बोटाचं शेवटचं पेर लहानपणी रगड्याखाली सापडून वाकडं झालेलं. त्यामुळे तिचं कुंकू कधी गोल यायचं नाही. डावीकडे कललेलं, तांदळाचा दाणा आडवा पडावा तसं यायचं. राणीला ती लहान मुलीसारखी दटावायची, "हलू नकोस."

आणि दसऱ्याच्या रात्री दोघांना आडवं करून ट्रंकेत ठेवायची. म्हणायची, "निजा आता. पुढच्या वर्षी उठा." मग झाकण लावायचं आणि "सरी." तिचं हे 'सरी' आम्हाला पाठ होतं. कानडीत ते 'ठीक' म्हणायला वापरतात, पण अक्काचं सरी म्हणजे विषय संपला. एकदा ती सरी म्हणाली की ती गोष्ट झालीच म्हणून समजायचं.

आणखी एक सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल. माझे बाबा मी शाळेत असतानाच गेले. बाराव्याच्या आधी नात्यातल्या बायका जमल्या आणि एकीने ओल्या फडक्याने अक्काचं कुंकू पुसलं. मी दाराआडून बघत होते. अक्का रडली नाही. डोळे मिटून कपाळ पुढे करून बसली. त्यानंतर तिने स्वतःला कधी लाल लावलं नाही. मी मोठी झाल्यावर भांडले तिच्याशी, लाव म्हणून, कोण काय बोलतंय बघू. ती नुसती हसायची. तिची सगळी हौस त्या राणीच्या कपाळावर उतरायची.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही स्मृती जेव्हा म्हणाली, "ताई, जोडी अप्रतिम आहे, फक्त हा लाल या खोलीत ओरडतो. ऑफ-व्हाइट चॉक पेंट मारू या, भिंतीशी एकजीव होईल," तेव्हा मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मलाही तो लाल बघवत नव्हता. बाहुल्या ट्रंकेत पडून राहण्यापेक्षा समोर राहतील, असं मनाला समजावलं. दोन हात मारले आणि राजा-राणी हाडाच्या रंगाचे झाले. फळीवर उभे केले. फोटो काढून सगळ्यांना पाठवले.

सगळ्यांनी वाहवा केली. सकवारमावशी, म्हणजे अक्काची धाकटी बहीण, तिने मात्र फोन केला. ती जयनगरलाच असते. 

"अय्यो, सुखदा... राणीला पांढरी केलीस ग?"

"मावशी, ती फॅशन आहे आता."

"असू दे फॅशन. कुंकू तरी लाव ग तिला. आणि दसरा होऊन किती दिवस झाले, अजून उभी का? निजव की तिला. जागी ठेवू नये..."

मी हो हो म्हणून फोन ठेवला आणि यशोवर्धनला तिची नक्कल करून दाखवली. दोघं हसलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारची गोष्ट. माझं काम घरून. यशोवर्धन ऑफिसला, मनू शाळेला. व्हाइटफील्डच्या या बाराव्या मजल्यावर दुपारी किती शांत असतं ते तुम्हाला माहीतच आहे. खालचा रस्तासुद्धा दुसऱ्या कुठल्या गावातला वाटतो. मी आत बसले होते आणि मला हॉलमधून वास आला. गरम खोबरेलाचा आणि कुंकवाचा. मला वाटलं, शेजारच्यांकडे काहीतरी पूजा असेल. मग लाकूड फरशीवरून ओढल्याचा आवाज आला. आमच्याकडे पाट नाही, मुग्धा. आणि आवाज या गुळगुळीत टाइलवरचा नव्हता. जुन्या लाल फरशीवर पाट ओढला की जो खरखरीत, जड आवाज यायचा, तो होता.

मी बाहेर आले. हॉल रिकामा, पडद्यांत ऊन भरलेलं. वास होता. फळीवर राणीच्या पांढऱ्या कपाळावर एक पुसट गुलाबी ठिपका होता. डावीकडे कललेला.

मनू शाळेतून आल्यावर मी तिला धारेवर धरलं. सहा वर्षांचं पोर, खडू नाहीतर स्केचपेन, दुसरं कोण करणार? "आई, शपथ मी नाही," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. तिच्या वेणीकडे बघून मला वाटलं, आज शाळेत रिबीन कुणाची घालून आली? शाळेत ती रेड हाउसमध्ये, रिबीन लाल. पण वेणीला होती ती बिस्किटी. मग आठवलं, ती शाळेतून लाल रिबीन घालूनच आली होती. लिफ्टमध्ये मी स्वतः पाहिली होती. घरात पाऊल टाकेपर्यंत लाल, आणि हॉल ओलांडेपर्यंत ही अशी.

धुण्यात रंग गेला असेल, असं मी ठरवून टाकलं. ओलं फडकं आणलं आणि राणीचं कपाळ पुसलं.

दुसऱ्या दिवशी ठिपका पुन्हा आला, आदल्या दिवसापेक्षा गडद. आणि टेबलावर सोलून ठेवलेले डाळिंबाचे दाणे पांढरे पडले. चव डाळिंबाचीच, दिसायला साबुदाणा. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. एखादी चूक पुन्हा घडवून दाखवता आली नाही तर ती मानायची नाही, हे आमचं काम. मी कपाळ पुसलं, फळीपासून दूर टोमॅटो ठेवले आणि समोर, तुम्ही बसलात तिथेच, बसून राहिले.

वास आला. पाट ओढला गेला. कुणीतरी खाली बसताना गुडघा वाजला, तिचा वाजायचा तसा. मग बांगडी झाकणावर टक्कन आपटली. माझ्या हाताभर अंतरावर, मुग्धा, आणि दिसत काही नव्हतं. नुसती ओटच्या रंगाची भिंत. राणीच्या कपाळावर लाल उमटायला लागलं, हळूहळू, जणू कुणी बोट टेकवून किंचित फिरवतंय.

"हलू नकोस..."

मला भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. मी तोंडावर हात दाबून रडले, आणि ते रडणं सुखाचं होतं. श्रावणापासून मी तो आवाज डोक्यात शोधत होते. आवाजसुद्धा विसरतो आपण, माहितीये? चेहरा राहतो, आवाज आधी जातो. तो मला माझ्या हॉलमध्ये परत मिळाला होता. टोमॅटो पांढरे पडले होते, ते मी उचलून कचऱ्यात टाकले.

तेव्हापासून रोज दुपारी मी ओलं फडकं घेऊन राणीचं कपाळ पुसायचे, म्हणजे ती लावायला यावी म्हणून. तिला लाल कुठून तरी लागायचं, आणि या खोलीत तर लाल औषधालाही ठेवला नव्हता. म्हणून मीच ताटात काढून ठेवायला लागले. जास्वंदी, बीट, लाल भोपळी मिरची. एकदा बाजारातून आणलेल्या कुंकवाची पुडीच ठेवली. संध्याकाळी तिच्यात रांगोळीसारखी पांढरी भुकटी. यशोवर्धनला मी सांगितलं की आहारतज्ज्ञाने लाल भाज्या खायला सांगितल्यात. तो म्हणाला, "पण खाताना तर तू दिसत नाहीस." मी काहीतरी थातुरमातुर बोलले.

मी तिला सगळं सांगायचे. मनू कशी वाचते, यशोवर्धन कसा भांडी घासताना अर्धी विसळतो. मी बोलले की बांगडी एकदा वाजायची. कधी कधी सगळं संपल्यावर अगदी हळू ऐकू यायचं, "सरी..." आणि वास विरायचा. मला त्या दिवसांत दुसरं काहीही नको होतं. जुनं घर माझ्यासाठी रोज दुपारी उघडायचं.

मग एक दिवस ऑफिसला जावंच लागलं. निघायच्या गडबडीत राणीचं कपाळ मी पुसलं, कारण हाताला सवय झाली होती, आणि ताट ठेवायचं राहिलं. परतताना मला ट्रॅफिकमध्येच आठवलं. यशोवर्धन त्या दिवशी घरी होता, मनूला अर्धीच शाळा होती. मी फोन केला. तो म्हणाला, मनू जेवून हॉलमध्ये सोफ्यावर झोपलीये, शांत आहे. 'तिला आत नेऊन झोपव,' मी ओरडून सांगितलं. तो म्हणाला, झोपलेल्या पोराला कशाला हलवायचं?

मी घरात आले तेव्हा ती तशीच झोपलेली होती. आधी मला वाटलं, सोफ्यावर नुसतं पांघरूण आहे. तिचे ओठ, कानांच्या पाळ्या, तळहात, नखं, सगळं सोफ्याच्या रंगाचं. डोळा कुठे अडकतच नव्हता तिच्यावर. आणि फळीवर राणीच्या कपाळावर इतकं लाल, इतकं ओलं कुंकू की मला तिकडे बघवेना.

डॉक्टरांकडे पळालो. नाडी ठीक, ताप नाही, पोर डोळे उघडून पुन्हा मिटत होतं. रक्त तपासायला घेतलं. ती रक्त घेणारी मुलगी नळी उजेडात धरून बघतच राहिली. "नळीत काहीतरी गडबड आहे मॅडम," ती म्हणाली, "सकाळी परत या, दुसरं घेऊ." यशोवर्धनला ते पटलं. मी नळी पाहिली होती. त्या रंगाचं नाव मला ठाऊक होतं, मुग्धा. आम्ही तो जयनगरच्या दुकानात निवडला होता.

दिवेलागणीला घरी आलो. यशोवर्धन मनूला घेऊन आत बसला. मी हॉलचं दार लोटलं आणि राणीला मांडीवर घेतलं. थिनर, कापूस, आणि हात चालेल तेवढा जोर. पांढऱ्याखालून लाल लुगडं निघालं, हिरवा काठ निघाला, बांगड्या निघाल्या. कपाळावर ती सगळी ओली लाली पांढऱ्याबरोबर कापसात आली आणि खाली उघडं लाकूड राहिलं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, मी इतके दिवस काय करत होते. ओलं फडकं घेऊन रोज तिचं कुंकू पुसत होते. दाराआडून मी जे पाहिलं होतं, तेच. आणि अक्का रोज कपाळ पुढे करत होती.

आता कुंकू हवं होतं आणि घरात लाल असं काही शिल्लक नव्हतं. एक सोडून. ट्रंकेच्या तळाशी अक्काच्या लुगड्यात गुंडाळलेला तिचा करंडा होता. तो मी एकदाच उघडला होता आणि लगेच बंद केला होता, कारण आत कुंकवात तिच्या वाकड्या बोटाचा खळगा तसाच होता. तिचं म्हणून माझ्याकडे उरलेलं तेवढंच होतं. फोटो सगळ्यांकडे असतात. तो खळगा फक्त माझ्याकडे होता.

मी त्यात बोट घातलं. खळगा मोडला.

राणीच्या कपाळावर मी गोल कुंकू लावलं, मधोमध, सरळ. माझ्या मागे वास दाटला होता. पाट ओढला गेला नाही. ती उभीच होती बहुधा. मी वळले नाही.

"अक्का... पुरे आता. मनूचं नको घेऊस."

काही वाजलं नाही. आतून यशोवर्धनचा आवाज येत होता, तो मनूला हाका मारत होता आणि ती ओ देत नव्हती. त्या आवाजाने माझा धीर सुटला. आपण आया बोलून जातो ना, पोराला ताप आला की, तसंच मी बोलून गेले.

"हवं तर माझं घे..."

बांगडी वाजली. एकदाच. आणि माझ्या कानापाशी, श्वास लागेल इतक्या जवळ, ती म्हणाली,

"सरी."

मी दोघांना आडवं केलं. निजा आता, पुढच्या वर्षी उठा, म्हटलं. ट्रंकेला कुलूप घातलं. आतून मनूने पाणी मागितलं. मी धावत गेले तर तिचे ओठ जांभळाच्या आतल्या गरासारखे गुलाबी होते. सकाळी दुसरी नळी घेतली, ती लालच होती. त्या मुलीने यशोवर्धनला सांगितलं, बघा, म्हटलं नव्हतं नळीत गडबड होती? रिबीनसुद्धा लाल झाली, रातोरात. मी ती नाकाशी धरून बसले होते.

त्यानंतर हॉलमध्ये कधी वास आला नाही. दुपारी नुसती दुपार असायची. मी स्वतःला सांगितलं, असंच हवं होतं ना? आणि मला तिची इतकी आठवण यायची की मी ट्रंकेवर हात ठेवून बसायचे.

गेल्या दसऱ्याला मी पायऱ्या मांडल्या. मनूने लुडबुड केली. ट्रंक उघडली, लुगडं उलगडलं. दोघं मी निजवली होती तशीच आडवी. राजाचं सगळं जागच्या जागी होतं. राणीचं कपाळ मात्र कोरं होतं, उघडं लाकूड. मी बोट लावून पाहिलं. ते ओलं होतं. कुलूपबंद ट्रंकेत, वर्षभर लुगड्यात गुंडाळलेल्या बाहुलीचं कपाळ आत्ताच कुणी फडक्याने पुसावं तसं ओलं.

मी तिला तसं करून रोज बोलावलं होतं. आता ती मला बोलावते.

मी काय करणार? कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसलेलं. दसरा झाला, निजवली, कुलूप घातलं. दुपारी उघडून पाहिलं तर पुन्हा ओलं. करंड्यातलं कुंकू दिवाळीपर्यंतच पुरलं. पण मी बोट टेकवलं की उमटतं, मुग्धा. नुसतं बोट. बघा ना, या बोटाला काही लागलेलं नाही. आणि अलीकडे ते गोल येत नाही. माझं बोट सरळ आहे, तरी डावीकडे कलतं.

यशोवर्धनने लोहाच्या गोळ्या आणून दिल्यात, त्या मी घेते. रक्त तपासायला मात्र जात नाही. तो म्हणतो, हॉलमध्ये तू बसलेली असलीस की हल्ली मला पटकन दिसतच नाहीस, फर्निचरशी मॅच होतेस. त्याला चेष्टा वाटते ती. दुःख आहे असं नाही हं. दुपारी ट्रंक उघडली की मी एकटी नसते. तिला जे कधी लावू दिलं नाही, ते मी रोज तिला लावते. आईसाठी एवढं करायला मिळतं कुणाला?

घ्या, हा स्मृतीचा नंबर, फोनमध्ये घालून घ्या. मुलगी चांगली आहे, काम वेळेवर करते. तुमच्या घरात जुनं काही असेल तर तेवढं रंगवू नका म्हणावं तिला. कॉफी गार झाली की हो तुमची. आणि जाताना लिफ्टपाशी माझी मनू खेळत असेल, तिच्याकडे बघा जरा. वेणीला रिबीन आहे तिच्या. लाल आहे ना, एवढं मला इंटरकॉमवर सांगाल? मला हल्ली तो रंग नीट दिसत नाही.